साबणाचे अंतरंग उलगडणारे शेव्रल



रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाल्याशिवाय आपल्या इंदूरकरांचा दिवस काही सुरू होत नाही. पुढच्या वेळी जिलबी संपली की बोटे नुसत्या पाण्याखाली धरून पाहा. पाकाचा चिकटपणा क्षणात जातो. तुपाचा ओशटपणा मात्र कितीही चोळले तरी राहतो. साखर आणि तूप ही दोन्ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांची बनलेली आहेत. सामान तेच, मग एक पाण्यात मिसळून जाते आणि दुसरे पाण्याला अजिबात दाद देत नाही, हे कसे?

रेणूत अणू किती आहेत आणि ते कसे जोडलेले आहेत यावर हे अवलंबून असते, असे आज दहावीचा विद्यार्थीही सांगेल. पण रेणूची रचना कागदावर मांडण्याची पद्धतही रुळलेली नव्हती, त्या काळात एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या कोड्याची अर्धी उकल करून ठेवली. उरलेली अर्धी त्यांच्या मागून आली. मिशेल यूजीन शेव्रल हे त्यांचे नाव. आपल्या पुस्तकात साबणीकरणाची अभिक्रिया एका ओळीत येते आणि परीक्षेपुरती पाठ होते. त्या ओळीमागे एका माणसाची बारा वर्षे आहेत, म्हणून ही ओळख.

शेव्रल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधील आंजे या गावी झाला. वडील वैद्यक शिकवणारे डॉक्टर होते. फ्रेंच राज्यक्रांतीला तोंड फुटले तेव्हा मिशेल जेमतेम तीन वर्षांचे होते आणि पुढची काही वर्षे त्या भागाने फार रक्तपात पाहिला. प्रारंभीचे शिक्षण घरी शिक्षकांकडे आणि पुढचे गावात नव्याने निघालेल्या सरकारी शाळेत झाले. १८०३ साली, सतराव्या वर्षी, ते पॅरिसला आले आणि वोक्लँ या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. वोक्लँ म्हणजे क्रोमियम हे मूलद्रव्य शोधणारे. स्वतः गरीब शेतकरी घरातून वर आलेले असल्यामुळे हाताने काम करणाऱ्या मुलाची किंमत त्यांना कळत असे. सुरुवातीला शेव्रल यांनी नीळ आणि रंग देणाऱ्या लाकडांवर काम केले. १८१० साली पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे त्यांचे या संस्थेशी नाते राहिले.

१८११ साली त्यांच्या हाती एक साबण आला. डुकराची चरबी आणि पोटॅश यांपासून केलेला मऊ साबण. साबण तर माणूस हजारो वर्षांपासून करत आला होता. चरबी किंवा तेल घ्यायचे, लाकडाच्या राखेपासून केलेल्या तीव्र अल्कलीबरोबर उकळायचे, की साबण तयार. त्या काळची समजूत अशी होती, की चरबी आणि अल्कली ही दोघे जशीच्या तशी एकमेकांना चिकटतात आणि साबण होतो. कोणी आत डोकावून पाहिले नव्हते.

शेव्रल यांनी तो साबण भरपूर पाण्यात टाकला. काही भाग विरघळला आणि काही भागाचा तळाशी साका बसला. हा साका मोत्यासारखा चमकत होता. त्यावर आम्ल घालताच एक पांढरा, स्फटिकांच्या रूपात मिळणारा पदार्थ वेगळा झाला. तो पाण्यात विरघळत नव्हता, अल्कोहोलमध्ये विरघळत होता, आणि आश्चर्य म्हणजे तो स्वतः आम्लधर्मी होता. अल्कलीशी त्याचा संयोग होऊन पुन्हा साबण मिळत होता. ग्रीक भाषेतल्या मोत्याच्या शब्दावरून त्यांनी त्याला मार्गारिक आम्ल म्हटले. (पुढे १८६९ साली लोण्याला पर्याय म्हणून जे मार्गारीन निघाले, त्याचे नाव इथूनच आले.) खरे तर हा एकच पदार्थ नव्हता. तो पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचे मिश्रण होता, हे १८५० नंतरच्या दशकात दुसऱ्या संशोधकाने दाखवले. असो, चूक लहान होती आणि वाट बरोबर होती.

मूळ चरबीत तर आम्लाचा गुण नव्हता. मग हे आम्ल आले कोठून? शेव्रल यांनी साबणाच्या पाण्यात मागे काय राहते तेही तपासले. तिथे एक गोड, दाट द्रव सापडला. स्वीडनच्या शीले यांनी १७७९ च्या सुमारास ऑलिव्ह तेलापासून असाच गोड द्रव मिळवला होता, पण त्याचे महत्त्व तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते. शेव्रल यांनी त्याला ग्लिसरीन हे नाव दिले. ग्रीकमध्ये गोड या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून. चरबी म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे संयुग आहे, अल्कली ते तोडते आणि मेदाम्लाशी जुळून साबण बनते, असे चित्र आता स्पष्ट झाले. त्यांनी सगळ्याचे वजन केले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मिळालेली मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे एकत्र वजन मूळ चरबीपेक्षा थोडे जास्त भरत होते. चरबी तुटताना पाण्याचाही भाग तिच्या तुकड्यांत सामील होतो, हे त्यांनी ओळखले. हिशेबात वाढ दिसली की आपण प्रयोगशाळेत वजनकाट्याला दोष देतो, नाही का?

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे पाहा. चरबी पाण्यात विरघळत नाही. पण तिचे दोन तुकडे केले की एक तुकडा, म्हणजे ग्लिसरीन, पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो. दुसरा तुकडा, मेदाम्ल, चरबीसारखाच हट्टी राहतो. आणि त्याच हट्टी मेदाम्लाला सोडियम किंवा पोटॅशियम जोडले की तो पाण्यात जाऊ लागतो! विरघळणे आणि न विरघळणे हे गुण एकाच पदार्थाच्या वेगवेगळ्या भागांत वाटलेले असू शकतात, ही गोष्ट शेव्रल यांच्या टेबलावर प्रथमच इतकी स्वच्छ मांडली गेली.

त्यांच्याकडे साधने काय होती? डाल्टनचा अणुसिद्धांत १८०८ साली पुस्तकरूपाने आला होता, पण कोणत्या पदार्थाचे सूत्र काय यावर दोन शास्त्रज्ञांचे एकमत होत नसे. म्हणून शेव्रल यांनी विद्राव्यतेलाच हत्यार बनवले. चरबीतले पदार्थ गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, थंड करायचे, जे स्फटिक आधी खाली बसतील ते वेगळे करायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा थंड करायचे. किती वेळा? वितळबिंदू बदलायचा थांबेपर्यंत. पदार्थ ठरावीक एकाच तापमानाला वितळू लागला की तो शुद्ध समजायचा, ही शिस्त कार्बनी रसायनशास्त्रात त्यांनी रुजवली. आज कॉलेजातली मुले वितळबिंदू काढायच्या प्रयोगाला कंटाळतात. शेव्रल यांनी डुकराची, गाईची, मेंढीची, अगदी माणसाचीही चरबी घेऊन हेच केले. यांतून स्टिअरिक आणि ओलेइक ही आम्ले मिळाली. स्टिअरिक आम्ल सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळते, तर ओलेइक आम्ल आपल्याकडच्या बहुतेक दिवसांत द्रवच असते.

मग त्यांनी लोणी घेतले. जुन्या लोण्याचा खवट वास आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लोण्याचा साबण करून, त्यात आम्ल घालून, वर आलेला मेद बाजूला काढल्यावर जे पाणी उरले त्यालाच तो वास येत होता. याचा अर्थ वासाचा धनी पाण्यात विरघळणारा होता. ते पाणी उकळून त्याची वाफ थंड केल्यावर बुटिरिक आम्ल मिळाले. त्याच्या जोडीला कॅप्रोइक आणि कॅप्रिक ही दोन आम्ले सापडली. त्यांची नावे बकरीच्या लॅटिन नावावरून आली आहेत, आणि वास घेतला तर का ते लगेच कळते. ही तिन्ही वेगळी करायला त्यांनी त्यांचे बेरियम क्षार केले आणि ते क्षार पाण्यात कमीजास्त विरघळतात याचा फायदा घेतला.

या आम्लांची रचना आज आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येकाच्या टोकाला ऑक्सिजनचे दोन अणू असलेला एकच आम्लगट आहे आणि मागे कार्बनची साखळी. बुटिरिकमध्ये एकूण चार कार्बन अणू असतात. ते पाण्यात हवे तेवढे मिसळते. कॅप्रोइकमध्ये सहा कार्बन असतात आणि ते १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १ ग्रॅमच विरघळते. कॅप्रिकमध्ये दहा कार्बन असतात आणि हे प्रमाण ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास येते. अठरा कार्बनचे स्टिअरिक आम्ल पाण्यात इतके कमी जाते, की शाळेच्या तराजूवर ते मोजताच येणार नाही. डोके तेच, शेपूट लांब होत गेले. बस, एवढाच फरक.

याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरून असतात, जणू फुगडीत हात गुंफलेल्या मुली. ज्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट आहे त्याला या खेळात हात देता येतो, म्हणून त्याला आत जागा मिळते. कार्बनच्या साखळीला देण्यासारखा हातच नसतो. तिला आत घ्यायचे तर पाण्याच्या रेणूंना तिच्याभोवती अवघडून, शिस्तीत उभे राहावे लागते. ते त्यांना परवडत नाही, म्हणून ते साखळ्यांना एकत्र लोटून आपापसांत हात धरतात. तेल आणि पाणी एकमेकांना ढकलतात, असे मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. ते पुरते खरे नाही. त्यांच्यात थोडे आकर्षणही असते, पण पाण्याचा आपल्या माणसांवरचा लोभ त्याहून फार मोठा असतो.

शेव्रल यांच्या आयुष्यात या गणिताची उदाहरणे एकामागून एक येत गेली. ग्लिसरीनमध्ये तीन कार्बन आणि तीन ऑक्सिजन-हायड्रोजन गट आहेत, म्हणून ते पाण्याचे जिवलग. १८१५ साली त्यांनी मधुमेही रोग्याच्या लघवीतली साखर आणि द्राक्षातली साखर एकच असल्याचे दाखवले. तिच्यात सहा कार्बनमागे असे पाच गट आहेत. ती रक्तात आणि लघवीत सहज विरघळलेली असते. याच्या उलट, स्पर्म देवमाशाच्या डोक्यात मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचे त्यांनी साबणीकरण केले तेव्हा ग्लिसरीन मिळालेच नाही. एक पांढरा घन पदार्थ मिळाला, त्याला त्यांनी एथाल म्हटले. आज आपण त्याला सेटिल अल्कोहोल म्हणतो. नावाने अल्कोहोल, पण सोळा कार्बनच्या शेपटीला एकच गट असल्यामुळे पाण्यात विरघळत नाही. साधे अल्कोहोल दोन कार्बनचे असते आणि पाण्यात पूर्ण मिसळते. पित्ताशयातल्या खड्यांमधला एक पदार्थ तर अल्कलीत उकळूनही बदलत नव्हता. त्याचा साबण होत नाही, म्हणजे तो चरबी नव्हे, असा निर्णय देऊन त्यांनी त्याचे वेगळे नाव ठेवले. तेच आजचे कोलेस्टेरॉल. सत्तावीस कार्बन आणि एकच गट! रक्तात ते एकटे फिरू शकत नाही, त्याला प्रथिनांच्या पुडीत बांधून न्यावे लागते. घरातल्या मोठ्यांच्या रक्ततपासणीच्या कागदावर जे आकडे असतात, ते या पुड्यांचेच.

१८२३ साली प्राणिज मेदांवरचे त्यांचे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. मेदाम्लांचे पोटॅशियम क्षार पाण्यात का जातात आणि मळ कसा काढतात, याचा उलगडा मात्र त्यात होऊ शकत नव्हता. १८५४ साली बर्थेलो यांनी ग्लिसरीन आणि मेदाम्ले जोडून मेद पुन्हा तयार केले आणि शेव्रल यांचे म्हणणे उलट बाजूनेही खरे ठरले. १८५८ साली कार्बनच्या साखळ्यांची कल्पना पुढे आली, तेव्हा शेव्रल बहात्तर वर्षांचे होते. साबणाच्या रेणूचे एक टोक विद्युतभारित असते आणि पाण्याला आवडते, उरलेली साखळी पाण्याला टाळते. म्हणून हे रेणू शेपट्या आत करून गोळ्यांसारखे जमतात आणि तूप त्या गोळ्यांच्या पोटात जाऊन बसते, ही गोष्ट विसाव्या शतकात, मॅकबेन, लँगम्यूर यांच्या काळात उमगली.

मेदाम्लांचा एक उपयोग मात्र शेव्रल यांना तेव्हाच दिसला. त्या काळी गरिबाघरी चरबीच्या मेणबत्त्या जळत. त्या मऊ, धूर करणाऱ्या आणि विझवल्या की खोलीत दुर्गंधी पसरवणाऱ्या. या दुर्गंधीला मोठ्या अंशी चरबीतले ग्लिसरीन कारण असते. मधमाशांच्या मेणाच्या बत्त्या चांगल्या, पण त्या चर्चला आणि श्रीमंतांनाच परवडत. कडक, पांढऱ्या स्टिअरिक आम्लाची मेणबत्ती केली तर? १८२५ साली शेव्रल आणि गे-ल्युसॅक या दोघांनी तिचे पेटंट घेतले. धंदा काही जमला नाही. वात नीट जळेना आणि खर्च आवाक्यात येईना. १८३१ नंतर पॅरिसमधल्या द मिली या कारखानदाराने अल्कलीऐवजी स्वस्त चुना वापरला. चुन्यातले कॅल्शियम मेदाम्लाच्या दोन रेणूंना एकत्र बांधते आणि असा साबण पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ग्लिसरीन पाण्याबरोबर निघून जाते आणि चुन्याचा साबण हाती राहतो. मग त्यावर सल्फ्युरिक आम्ल घालून मेदाम्ल मोकळे करायचे आणि दाबून त्यातले पातळ ओलेइक आम्ल पिळून काढायचे. या कारखान्याने नाव आणि पैसा दोन्ही कमावले. शेव्रल यांना पैसा मिळाला नाही, पण रात्री अभ्यास करणाऱ्या कित्येक मुलांना बिनधुराचा उजेड मिळाला. आपल्या माळव्यात बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो, तो हाच चुन्याचा साबण बरे का! पुस्तकात त्या पाण्याला दुष्फेन म्हटले आहे.

१८२४ साली त्यांना गोब्लँ या सरकारी गालिचा कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख नेमले. काळा रंग फिका दिसतो, अशी तिथे तक्रार होती. रंगात दोष नसून शेजारच्या रंगामुळे डोळा फसतो, हे त्यांनी दाखवले आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढच्या काळातल्या चित्रकारांनी तो आवडीने अभ्यासला. हा विषय मोठा आहे, तो चित्रकलेच्या सरांवर सोपवतो.

मान-सन्मान पुष्कळ आले. १८२६ साली ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सभासद झाले, १८३० साली वोक्लँ यांच्या जागी संग्रहालयात प्राध्यापक झाले आणि १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. जानेवारी १८७१ मध्ये जर्मन तोफांचे गोळे संग्रहालयाच्या बागेत पडू लागले, तेव्हा हा चौऱ्याऐंशी वर्षांचा संचालक पॅरिस सोडून गेला नाही. ज्ञानाच्या जागेवर झालेल्या या माऱ्याचा त्यांनी लेखी निषेध नोंदवून ठेवला. नव्वदी उलटली तरी त्यांचे काम सुरूच होते. १८८६ साली त्यांची शंभरी फ्रान्सने राष्ट्रीय सणासारखी साजरी केली आणि छायाचित्रकार नादार पितापुत्रांनी त्यांची मुलाखत घेता घेता छायाचित्रे काढली. छायाचित्रांसह छापलेली ही जगातली पहिली मुलाखत मानतात.

आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली चारही बाजूंनी फ्रान्सच्या ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरली आहेत. टॉवर पूर्ण झाला तेव्हा त्यांपैकी दोघेच हयात होते, प्रकाशाचा वेग मोजणारे फिझो आणि शेव्रल. ३१ मार्च १८८९ रोजी टॉवरच्या टोकावर झेंडा लागला आणि ९ एप्रिलला, एकशे तिसऱ्या वर्षी, शेव्रल यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ साली, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची तरुणी स्वयंपाकघरात भांडी धुताना पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थरावर केलेले आपले प्रयोग एका इंग्रजी विज्ञान साप्ताहिकात छापून आणत होती. कोड्याची उरलेली अर्धी उकल तिथून सुरू झाली. तिची गोष्ट पुढच्या अंकात.